हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय

दगडाबाईच्या आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली होती. चौथी तरी टिकावी, हिच्यावर कुणाची नजर पडू नये, म्हणून वैरागच्या तिच्या आज्जीनं बारशालाच पोरीच्या कानात दगडा म्हणून सांगितलं. पोर टिकली. अशी टिकली, की सोलापुरात सात रस्त्याकडच्या एका स्कॅन सेंटरात तिनं सोळा वर्षं फरशी पुसली आणि फरशीबरोबर हजारो माणसांची भीतीही पुसली. पहिल्या कामाचा तिला पगार होता. दुसऱ्या कामाचा कागदावर कुठं उल्लेखही नव्हता, आणि पुढचं सगळं वाटोळं झालं ते त्या दुसऱ्या कामापायी.

त्या सेंटरात ती पहिल्यांदा आली ती पेशंटची बायको म्हणून. नवरा अजिनाथ चिंचोळीच्या एमआयडीसीत कापसाच्या धुळीत बावीस वर्षं उभा राहिला होता. छातीच्या फोटोत काहीतरी दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी रंगाचं इंजेक्शन देऊन मोठा स्कॅन करायला सांगितला. रंग म्हणतात, पण असतं ते पाण्यासारखं. हातातल्या सुईवाटे पंपानं शिरेत सोडतात, मग आतलं सगळं फोटोत पांढरं उठून दिसतं. अजिनाथ ताठ मानेनं आत गेला आणि बाहेर आला तो मान खाली घालून. भिंतीकडं पाठ करून विजारीला मागनं हात लावून बघायला लागला. तिनं काय झालं म्हणून विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

तीन दिवसांनी जेवताना बोलला. "आतनं कुणी ऊन पाण्याची घागर उपडी केल्यागत झालं बघ. वाटलं, झाली. एवढ्या मानसांत झाली. आता उटून बाहीर कसा जाऊ? आन् उटून बघतोय तर कोरडा ठणठणीत. म्हंजे त्या औषदानं समद्यांनाच तसं वाटतंय म्हनं. मग आदी एक शब्द सांगितला आसता तर कुनाची जीभ झडली आसती?"

चार महिन्यांनी अजिनाथ गेला. दगडाबाई त्याच सेंटरात जाऊन काम मागायला उभी राहिली. बाकी कुठं ओळखच नव्हती.

काम म्हणजे फरशी, संडास, चादरी, चहा. पण पेशंट टेबलावर निजवायला हात लागायचा, तेव्हा टेक्निशियन अनिलकुमार तिलाच हाक मारायचा. अनिलकुमार मशीनला शहाणा, माणसाला मुका. "झोपा, हात वर, हलू नका," एवढंच त्याच्या तोंडातनं निघायचं आणि तो काचेपलीकडं जाऊन बसायचा. पुढचं मशीनच बोलायचं, तेही हिंदीतनं. सांस लीजिए, सांस रोकिए. खेड्यातलं माणूस कोण बोललं म्हणून मान वळवून बघायचं आणि फोटो हलायचा.

दगडाबाईनं ते काम आपणहून अंगावर घेतलं. चादर नीट करता करता ती बोलायला लागायची.

"आता बघा. औषीद सुटलं की आदी नरडं कोमट व्हतंय. तोंडात लोखंड चाटल्यागत चव येती. मग ती ऊब छातीतनं पोटात, पोटातनं खाली उतरती, आन् कापडात मुतल्यागत वाटतंय. मुतत कुनी न्हाय. हितल्या चादरी मीच बदलते, मला इचारा. दोन मिन्टांची गंमत हाय. मग भाईर या, च्या पाजते."

माणूस हसायचं. हसलेलं अंग ढिलं पडायचं. विडी घरकुलात तिचं घर, शेजारच्या साऱ्या बाया तेलंगणातनं आलेल्या, विड्या वळणाऱ्या, त्यामुळं तेलुगू तिला कामापुरती यायची. पेशंटांकडनं कन्नड उचललं होतं, बाजारातनं दखनी. अक्कलकोटकडच्या माणसाला अंजब्याडरी, पद्मशाली बाईला भयपडकु, मुसलमान आजीला डरो नक्को. शब्द वेगळे, पण तिच्या हाताचा तळवा सगळ्यांच्या कपाळावर सारखाच पडायचा.

सेंटर वेणीमाधव डॉक्टरांचं. घराणं देवळातल्या पूजेचं, वडील शाळामास्तर, बोलणं मऊ. दिवसातनं दोनदा यायचे, बाकी वेळ दुसऱ्या सेंटरात, नाहीतर घरी बसून कॉम्प्युटरवर फोटो वाचायचे. कुणी पाहुणे डॉक्टर आले की दगडाबाईला पुढं करायचे. "या आमच्या मावशी. आमचं गुंगीचं औषध. आमच्याकडं फोटो हलत नाही." ते ऐकलं की दगडाबाई पुढचे आठ दिवस फरशी अशी पुसायची, की तिच्यात तोंड दिसावं.

फोटो एकदाच हलला. त्या दिवशी ती दुधाला खाली गेली होती. अक्कलकोटकडचे चनमल्लप्पा नावाचे म्हातारे गृहस्थ, कपाळाला विभूती, इस्त्रीचं धोतर, आत गेले आणि त्यांना कुणीच काही सांगितलं नाही. ऊब खाली उतरल्याबरोबर म्हातारा लाजेनं ताडकन उठून बसला. हात वाकला, सुई शिरेतनं निसटली आणि पंपाचं सगळं औषध कातडीखाली गेलं. कोपरापर्यंत हात वांग्यासारखा तुकतुकीत फुगला, फोड आले, कातडी सोलून निघाली. पंधरा दिवस ते हात दाखवायला येत होते. येतील तेव्हा दगडाबाईला कन्नडातनं म्हणायचे, बाई, तू आत असतीस तर हे झालं नसतं. रागानं नाही म्हणायचे, आणि म्हणून तिला ते जास्त लागायचं.

तेव्हापासनं तिनं आपल्या बोलण्याला एक शेपूट जोडलं. "काय बी झालं तरी हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय. मी भाईर काढायला येस्तवर गप पडायचं. द्या शब्द." आणि हात पुढं करायची. बाजारात जनावराचा सौदा पक्का करताना टाळी देतात तशी पेशंटची टाळी घ्यायची. टाळी दिलेलं माणूस सहसा हलत नाही.

टेबलाला एक रबरी फुगा बांधलेला होता. काही त्रास झाला की तो दाबायचा, बाहेर घंटी वाजायची. तो बिघडून दोन वर्षं झाली होती. बिघडलेल्या वस्तूबद्दल पेशंटला काय सांगायचं, म्हणून दगडाबाई त्याचं नाव काढत नसे.

मागच्या वर्षी, होळी झाल्यावर, अंबुबाई आली. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या वाडीतली धनगराची बाई, पन्नाशीची, उन्हानं करपलेली, काठीसारखी सरळ. फासळ्यांखाली गाठ लागत होती. बरोबर नवरा धुळा, डोक्याला पटका, आणि थोरला लेक जोतिराम. आत जाण्याआधी गळ्यातलं काढावं लागतं. बाकीच्या बाया त्यावरनं डोळ्यांत पाणी आणतात. अंबुबाईनं डोरलं काढून धुळाच्या हातावर ठेवलं. "धरा. तुमचंच हाय."

काउंटरवरची वैष्णवी फॉर्म पुढं सरकवून फोनवर बोलत होती. प्रश्न नेहमीप्रमाणं दगडाबाईनंच विचारले.

"अक्का, आदी कवा औषदानं अंगावर गांधी उठल्या हुत्या का? दम लागला हुता?"

"औषीद घेतलंय कवा, गांधी उठायला?"

धुळा म्हणाला, "हिला मुंगी चावली तर मुंगी मरती, मावशी."

"आन् ह्यांना चावली की समदी वाडी जागी व्हती," अंबुबाई म्हणाली.

फॉर्मवर अंबुबाईचा अंगठा उमटला. आत टेबलावर निजवून दगडाबाईनं सगळं सांगितलं. नरडं, लोखंड, ऊब, गंमत. अंबुबाई छताकडं बघत ऐकत होती.

"बाय, मेंढरं घिऊन कोकनाकडं चाललो हुतो, तवा वाटंवर ह्यो जोत्या झाला. नाळ कापली, फडक्यात गुंडाळला आन् दिस बुडायच्या आत कळप गाठला. तुमच्या दोन मिन्टांचं काय घिऊन बसलायसा?"

"तरी शब्द द्या. हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय."

"घ्या." टाळी अशी बसली, की दगडाबाईचा तळवा झिणझिणला.

दगडाबाई काचेपलीकडं अनिलकुमारच्या मागं जाऊन उभी राहिली. पंप सुरू झाला. पोटाचा स्कॅन असला की टेबल तीनदा आत-बाहेर होतं, आणि शेवटच्या फोटोच्या आधी तीन-चार मिनिटं नुसतं थांबावं लागतं. ऊब पायापर्यंत आली की माणसाची बोटं हलतात, हे दगडाबाईला पाठ होतं. अंबुबाईची बोटं आखडली. आखडली ती सुटली नाहीत. मग डोक्यावर घेतलेल्या हातांची मूठ वळली. बाकी अंग जसंच्या तसं.

"बघा अनिल, कशी पडलीया," दगडाबाई कौतुकानं म्हणाली. "माजं नाव हिलाच शोभलं आसतं."

"एकदम क्लिअर येतंय, मावशी," अनिलकुमार म्हणाला. त्याचे डोळे पडद्यावरच्या काळ्यापांढऱ्या पोटावर होते.

शेवटचा फोटो झाला. टेबल बाहेर आलं. दगडाबाई आत गेली. "झालं अक्का. उटा आता."

अंबुबाईचं तोंड तिला ओळखू आलं नाही. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या, ओठ जाड झाले होते, गळाभर गांधी. छातीतनं फुंकणीत काही अडकल्यासारखी शीळ येत होती. त्या फटीतनं तिनं दगडाबाईकडं बघितलं. ओठ हलले.

"बोलू?"

एवढंच म्हणाली. मग शीळही थांबायला लागली.

पुढचं सगळं आरडाओरड्यात गेलं. वेणीमाधव डॉक्टर दुसऱ्या सेंटरात. अनिलकुमारनं फोन लावला, डॉक्टर तिकडनं सांगत होते, ट्रे उघड, अमुक इंजेक्शन मांडीत दे. अनिलकुमारनं ट्रे उघडून सुई हातात घेतली. "सर, मी कसं देऊ? मी डॉक्टर आहे का?" खालच्या मजल्यावरच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातनं एक डॉक्टरीण जिन्यानं धावत आली आणि तिनं ते इंजेक्शन टोचलं, तोवर नऊ मिनिटं गेली होती. श्वास परत आला. बाई परत आली नाही. मोठ्या दवाखान्यात सहा दिवस मशीनवर होती. सातव्या दिवशी धुळानं डोरल्यासकट तिला वाडीला नेलं.

तेरावा झाल्यावर बापलेक सेंटरात आले. डॉक्टरांनी दोघांना केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, स्वतः उठून पंखा वाढवला. मग फाइल उघडून शांतपणे एकेक कागद समोर ठेवला. फॉर्मवर छापलं होतं, 'मला समजेल अशा भाषेत सर्व धोके समजावून सांगण्यात आले.' त्याखाली अंबुबाईचा अंगठा. समजावून सांगणाऱ्याची सही अनिलकुमारची, ज्यानं त्या बाईशी तीन शब्दांच्या वर बोलणं केलं नव्हतं.

"हे औषध हजारो लोकांना रोज देतात," डॉक्टर म्हणाले. "असं एखाद्यालाच होतं, आणि कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. पण हे बघा." त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. "तपासणीदरम्यान रुग्णाने कोणतीही तक्रार अथवा हालचाल केली नाही. त्यांनी नुसता हात हलवला असता ना, तरी आम्ही थांबलो असतो. चार-पाच मिनिटं हातात होती. त्या काहीच बोलल्या नाहीत."

जोतिरामनं कागद परत सरकवला. "म्हंजे माज्या आईचीच चूक म्हना की."

"मी तसं म्हणत नाही."

धुळानं लेकाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे रं. तशीच हुती ती. दुकलं-खुपलं कवा सांगायची न्हाय. हट्टी. हट्टापायी गेली."

चहाचा ट्रे घेऊन दगडाबाई दारात उभी होती. गेले वीस दिवस ती कशीबशी ते मरण गिळून होती. लाखात एखाद्याला होतं, हे तिनंही स्वतःला सांगून बघितलं होतं. पण त्या बाईनं टाळी दिली होती आणि दिलेला शब्द नरड्याशी येईपर्यंत पाळला होता. तिला तिचाच नवरा हट्टी म्हणत होता, आणि खरं काय ते माहीत असलेली एकच बाई हातात चहा घेऊन उभी होती. कपबश्या ठेवताना तिनं धुळाकडं बघितलं नाही.

संध्याकाळी पेशंट संपल्यावर ती केबिनमध्ये गेली.

"सायेब, ती हट्टी न्हवती. मीच तिला सांगितलं हुतं, काय बी झालं तरी—"

"मावशी, तुम्ही त्या दिवशी आत नव्हता."

"आसं कसं? मीच तर निजवली."

"आत फक्त टेक्निशियन आणि पेशंट होते. सफाई कामगाराला आत परवानगीच नाही. नियम आहे."

"सोळा वरसं आतच हुते की, सायेब."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सोळा वर्षं नव्हता," ते म्हणाले. "तुमच्याच भल्याचं सांगतोय."

बाहेर अनिलकुमार वाट बघत होता. "मावशी, पाया पडतो. सही माझी आहे. तुम्ही सांगितलं म्हणालात तर मी खोटी सही केली असं होतंय. घरी दोन लेकरं आहेत ओ."

ती गप्प बसली. पण गप्प बसली ती सगळीकडंच. टेबलापाशी उभी राहायची, चादर सरळ करायची, आणि तोंडातनं शब्द निघायचा नाही. पेशंट घाबरायचे, उठून बसायचे, रडायचे. एका आठवड्यात तीन फोटो हलले. एका दुपारी डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, झालं गेलं विसरा आता. पेशंटशी बोलत चला की पहिल्यासारखं. तुमच्याशिवाय कोण आहे आत?"

दगडाबाईनं हातातली चादर तिथंच स्टुलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती मंगळवेढ्याला गेली.

वाडी पुढं चार मैल. धुळा बाभळीच्या फांद्यांनी मेंढरांच्या वाड्याचं कुंपण नीट करत होता. तिला बघून त्यानं विळा खाली ठेवला आणि लेकाला पाणी आणायला सांगितलं. ती बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. फुगा बिघडल्याचं, टाळीचं, काचेमागनं आपण कौतुक केल्याचं. "बोलू?" म्हणाल्याचंही सांगितलं. ते सांगू की नको, असा विचार ती एसटीत दोन तास करत आली होती.

"हट्टी न्हवत्या त्या, पावनं. मी शब्द घेतला हुता. त्यांनी पाळला."

कुंपणातनं एक कोकरू बाहेर आलं होतं, ते उचलून धुळानं आत टाकलं. जोतिरामनं मात्र मोबाइल काढला. "मावशी, परत बोला. सुरवातीपासनं. डॉक्टरचं नाव घ्या." ती परत बोलली. तेवढ्यासाठीच आली होती.

"जेवून जावा," धुळा म्हणाला. सुनेनं ताट वाढून आणलं होतं. दगडाबाईनं हात धुतले, ताटापुढं बसली आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून राहिली.

दगडाबाई सेंटरात परत फरशी पुसायला लागली, आणि इकडं जोतिरामनं अर्ज केला. चौकशी लागली. आरोग्य खात्याच्या साहेबांच्या ऑफिसात एक मॅडम, दोन डॉक्टर आणि एक टाइप करणारा क्लार्क. दगडाबाईला वाटलं होतं, आता डॉक्टर म्हणतील, ही बाई आत नव्हतीच. ती त्याची तयारी करून आली होती, सोळा वर्षांत कुठल्या कुठल्या पेशंटचं नाव घेता येईल ते आठवून आली होती. काही लागलं नाही. डॉक्टरांच्या वकिलानं उभं राहून वाचलं, की सदर सफाई कामगार महिला अधिकार नसताना, सेंटरच्या नकळत, वेळोवेळी स्कॅनच्या खोलीत शिरत असे, आणि घटनेच्या दिवशी तिनं रुग्णाकडून न हलण्याचं, न बोलण्याचं चुकीचं वचन घेतलं, त्यामुळंच रुग्णाचा त्रास कुणाच्या लक्षात येऊ शकला नाही.

काल जी आत नव्हतीच, ती आज एकटीच आत होती.

वैष्णवीला विचारलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, मावशी कुणाला न विचारता जायच्या. अनिलकुमारला विचारलं. तो म्हणाला, मी मशीनवर असतो, मागं काय चालतं मला दिसत नाही. दगडाबाईनं त्या दोघांकडं बघितलं. वैष्णवीच्या लग्नात तिनं हळद दळली होती. तरी तिला राग आला नाही, नुसतं ओशाळल्यासारखं झालं, जणू तीच त्यांना कुठंतरी उघडं पाडत होती.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही पेशंटला हलू नका, बोलू नका असं सांगितलं होतं?"

"व्हय. सांगितलं."

क्लार्कनं टाइप केलं.

"का सांगितलं?"

मग ती बोलली. अजिनाथनं विजारीला हात लावून बघितलं तिथपासनं. चनमल्लप्पांचा फुगलेला हात, फोटो हलला की पडणाऱ्या शिव्या, पाहुण्यांपुढं गुंगीचं औषध म्हणून मिरवणं, दोन वर्षं बिघडलेला रबरी फुगा, सेंटरात नसलेला डॉक्टर, नऊ मिनिटं. "मी चुकले, बाई. त्रास झाला तर हात हलवा, हे मी कवा सांगितलंच न्हाय. पर मला तरी कुनी सांगितलं हुतं का, की ऊब कोनची आन् जीव जायाची धग कोनची? मला काचंतनं दोनी सारखंच दिसलं. मला कोन शिकिवनार हुतं? मी आतच न्हवते म्हनं."

बोलता बोलता तिचं लक्ष क्लार्ककडं गेलं. त्याची बोटं केव्हाच थांबली होती. तो खिडकीबाहेर बघत होता.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी पुढं केलं, घड्याळ बघितलं. क्लार्कनं कागद छापून दगडाबाईपुढं ठेवला. ती चौथी शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचलं. तिचं नाव, वय, पत्ता, आणि खाली एक वाक्य, की मी रुग्णाला हलू नका व बोलू नका असे सांगितले होते हे मला मान्य आहे.

"बाकीचं कुटं हाय?"

"बाकीचं विषयाला धरून नाही, आजी," क्लार्क म्हणाला. "सही करा."

तिनं सही केली. लिहिलं होतं तेवढं खरंच होतं.

सेंटरला समज देऊन सोडणार, असं वकील जिन्यात कुणालातरी फोनवर सांगत होता. दगडाबाईला उद्यापासनं येऊ नका म्हणून वैष्णवीनंच निरोप दिला आणि लगबगीनं डॉक्टरांच्या गाडीकडं गेली.

दगडाबाई ऑफिसच्या पायरीवर बसली. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन, पायरीच्या एका कडेला लिंबाची हातभर सावली. जोतिराम कागदांच्या झेरॉक्स काढायला गेला होता. धुळा आला आणि तिच्यापासनं थोडं अंतर ठेवून त्याच सावलीत टेकला. पटका काढून मांडीवर ठेवला.

"मावशी, एक इचारू?"

"इचारा, पावनं."

"तुमी शब्द घेतला नसता, तर ती हलली आसती? का तशीच पडून ऱ्हायली आसती? तुमी बघितलीया तिला. खरं सांगा."

दगडाबाईच्या तोंडात उत्तर तयार होतं. तशीच पडली असती म्हणावं. हट्टीच होती म्हणावं. त्यानं म्हाताऱ्याचं मन निवलं असतं, आणि तिच्या उरावरचा अर्धा धोंडाही उतरला असता. कुणाला कळणार होतं? जिला माहीत होतं ती बोलायला नव्हती. पण दगडाबाईला तो झिणझिणलेला तळवा अजून जाणवत होता, आणि फटीतनं बघणारे ते डोळे.

"हलली आसती," ती म्हणाली. "उटून बसली आसती. काचंवर बुक्की घातली आसती तिनं."

धुळानं मान हलवली. "मलाबी तसंच वाटतंय."

मग तो गुडघ्यावर हात देऊन उठला, सावली सोडून पायरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथं उन्हात, तिच्याकडं पाठ करून, लेकाची वाट बघत बसला.